असाध्य ते साध्य : फाटलेल्या अन्ननलिकेचा दोन शतकांचा इतिहास

आपल्या प्राचीन वैद्यांनी व्याधींचे चार वर्ग केले होते. साध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य आणि असाध्य. पहिल्या दोहोंवर उपचार करावेत, तिसऱ्या वर्गातील रुग्णाला पथ्य व औषध यांच्या आधारे सांभाळून न्यावे आणि चौथ्या वर्गापासून वैद्याने दूर राहावे, असा त्यांचा दंडक होता. असाध्य रोगावर उपचार करू पाहणाऱ्या वैद्याच्या पदरी द्रव्यहानी, विद्याहानी आणि अपयश येते, असे चरकसंहितेने बजावले आहे. या वर्गीकरणामागे व्यवहाराचे शहाणपण आहे, यात शंका नाही. रुग्णाच्या नातलगांना खोटी आशा लावून त्यांचे घरदार विकायला लावण्यापेक्षा सत्य सांगणे केव्हाही बरे. परंतु या शहाणपणाला एक काळी बाजूही आहे. एखाद्या व्याधीवर एकदा ‘असाध्य’ असा शिक्का बसला, की ती वेळेवर ओळखण्याची निकड कोणालाच उरत नाही. ओळखून तरी करायचे काय, असा प्रश्न वैद्याच्या मनात आधी उभा राहतो आणि निदान मागे पडते. युरोपातील शल्यचिकित्सेच्या इतिहासात याचे एक विलक्षण उदाहरण आहे. एक दुर्मीळ व्याधी 1724 साली अत्यंत बारकाईने वर्णिली गेली. मात्र त्या व्याधीतील फाट शिवून रुग्ण वाचल्याची पहिली नोंद 1947 साली झाली. मध्ये तब्बल 223 वर्षे गेली.

ही व्याधी म्हणजे जोराच्या वांतीने अन्ननलिका आपोआप फाटणे. वैद्यकाच्या पुस्तकांतून ती आज ‘बूरहावे यांची व्याधी’ या नावाने ओळखली जाते. एखाद्या शल्यचिकित्सकाच्या साऱ्या कारकिर्दीत तिचे एखाददुसरेच रुग्ण यावेत, इतकी ती विरळा आहे. तरी अपघात व तातडीच्या विभागात काम करणाऱ्या प्रत्येक डॉक्टराला ती शिकवली जाते, कारण ती न ओळखल्यास रुग्ण हातचा जातो आणि ओळखल्यास बहुधा वाचतो.

हर्मन बूरहावे यांचा जन्म 31 डिसेंबर 1668 रोजी हॉलंडमधील वोरहाउट या खेड्यात एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. मुलानेही धर्मोपदेशक व्हावे, ही वडिलांची इच्छा. पण बूरहावे वैद्यकाकडे वळले आणि लायडन विद्यापीठात त्यांनी वनस्पतिशास्त्र, वैद्यक व रसायन अशा तीन विषयांची अध्यापकपदे एकाच काळात सांभाळली. 1714 सालापासून त्यांनी लायडनच्या एका धर्मादाय रुग्णालयातील बारा खाटांवर, सहा पुरुषांच्या व सहा स्त्रियांच्या, विद्यार्थ्यांना रुग्णाच्या उशाशी उभे करून शिकवण्यास आरंभ केला. प्रथा त्यांच्या आधीची होती. पण तिला पद्धतीचे रूप आले ते त्यांच्यामुळे. आधी रुग्णाचे सारे म्हणणे ऐकायचे, मग तपासायचे, मग कारण शोधायचे, आणि रुग्ण दगावलाच तर देह उघडून आपले अनुमान खरे होते की खोटे, हे पाहायचे, असा त्यांचा क्रम होता. या बारा खाटांभोवती युरोपभरचे विद्यार्थी जमत. त्यांचा शिष्य हालर याने त्यांना साऱ्या युरोपचे सामायिक गुरू म्हटले, ते उगीच नव्हे.

या परंपरेचा एक धागा आपल्या मुंबईपर्यंत येतो, हे अनेकांना ठाऊक नसेल. 1726 साली एडिंबरो विद्यापीठात वैद्यकशाखा स्थापन झाली, तेव्हा तिथले पहिले अध्यापक हे लायडनला बूरहावे यांच्याकडे शिकून आलेले होते. त्याच एडिंबरोत शिकलेले डॉ. चार्ल्स मोरहेड हे 1845 साली मुंबईत सुरू झालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजचे पहिले प्राचार्य झाले. रुग्णशय्येजवळचे शिक्षण हा त्यांच्याही आग्रहाचा विषय होता. भायखळ्याच्या जमशेटजी जीजीभाई रुग्णालयाच्या कक्षांत खाटेभोवती अर्धवर्तुळ करून उभे राहिलेले विद्यार्थी हे एका अर्थी लायडनच्या त्या बारा खाटांचेच वारसदार होत.

आता मूळ घटनेकडे वळू. 1723 सालच्या ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस बूरहावे यांना एका तातडीच्या रुग्णासाठी बोलावणे आले. रुग्ण होते बॅरन यान व्हान वासेनार, डच आरमारातील एक ज्येष्ठ अधिकारी, वय पन्नाशीचे, प्रकृतीने धडधाकट. त्यांना खाण्याची आवड होती आणि अजीर्ण झालेसे वाटले की वमनकारक काढा पिऊन पोट मोकळे करण्याची सवय होती. त्या काळच्या उच्च वर्गात ही सवय जगावेगळी मानली जात नसे. त्या दुपारच्या भोजनात इतर पदार्थांबरोबर भाजलेले बदकही होते. जेवणानंतर ते घोड्यावरून फेरफटका मारून आले. रात्री दहाच्या पुढे पोटात जड वाटू लागले, म्हणून त्यांनी एका काटेरी वनस्पतीचा काढा काही पेले घेतला. वांती थोडीच झाली. त्यांनी आणखी काढा घेतला आणि वांती होण्यासाठी जोर केला. त्याच क्षणी त्यांच्या तोंडून काळीज चिरणारी किंकाळी फुटली.

सेवक धावत आले, तेव्हा बॅरन यांनी जे सांगितले, ते या साऱ्या इतिहासाचे बीज आहे. जठराच्या वरच्या टोकाशी आपल्या आत काहीतरी फाटले, तुटले किंवा जागेवरून सरकले, आणि आता आपण वाचत नाही, असे ते म्हणाले. हा त्यांचा भ्रम नव्हता. जगातील कोणत्याही वैद्याने तोवर न लिहिलेले निदान त्या रुग्णाने स्वतःच, कळवळत, पहिल्या काही क्षणांत सांगितले होते. पुढचे अठरा तास त्यांच्याभोवती जमलेल्या विद्वानांपाशी या वाक्याचे काय करायचे, याचे उत्तर नव्हते.

दे बाय नावाचे वैद्य आधी आले आणि मग बूरहावे. रुग्णाला पाठीवर टेकता येत नव्हते, कुशीवर होता येत नव्हते. पुढे वाकून, सेवकांनी धरून ठेवलेल्या अवस्थेत ते बसून होते. किंचितही सरळ झाले, की वेदना असह्य होत. आरंभी ताप नव्हता, नाडीही बरी होती, पोट मऊ होते. म्हणजे तपासणीत हाती लागावे असे काही नव्हते, आणि रुग्ण तर डोळ्यांदेखत मृत्यूच्या दारात उभा होता. वेदना शमावी म्हणून ऑलिव्हचे तेल पोटात दिले गेले, गरम बिअर दिली गेली, रक्तही काढले गेले. त्या काळच्या उपचारपद्धतीत यापलीकडे काही बसत नव्हते. आज आपल्याला कळते, की तोंडावाटे दिलेला प्रत्येक घोट फाटलेल्या नलिकेतून छातीत जात होता आणि करुणेने केलेला उपचारच रोग वाढवीत होता. दुसऱ्या दिवशी सायंकाळच्या सुमारास बॅरन यांचा अंत झाला.

इथवरची हकीगत ही कोणत्याही शतकातील कोणत्याही मोठ्या वैद्याच्या अपयशाची हकीगत आहे. बूरहावे वेगळे ठरले ते यानंतर. त्यांनी शवविच्छेदनाची परवानगी मिळवली आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या हाताने देह उघडला. त्वचेखाली हवा भरलेली होती, बोटाने दाबताच ती जाणवत होती. उदरात त्यांनी कसून शोध घेतला. जठर व आतडी अभंग होती. मग छाती उघडली, आणि हवा बाहेर पडताच भाजलेल्या बदकाचा वास आला. दोन्ही बाजूंच्या पोकळ्यांत द्रव साचलेला होता. रुग्णाने प्यालेल्या पेयांचाच तो द्रव होता आणि त्यावर तेल तरंगत होते. फुप्फुसे आकसून गेली होती. द्रव टिपून घेतल्यावर अखेर श्वासपटलाच्या वर काही बोटांच्या अंतरावर, अन्ननलिकेच्या खालच्या भागात, कारण सापडले. बूरहावे यांच्या वर्णनानुसार नलिका तिथे आडवी तुटून तिची दोन टोके विलग झाली होती. पुढील काळात पाहण्यात आलेल्या रुग्णांत ही फाट बहुधा उभी आणि डाव्या बाजूस आढळली आहे.

1724 साली बूरहावे यांनी ही सारी हकीगत लायडन येथून लॅटिन भाषेत पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केली. ‘एका भयंकर आणि पूर्वी न वर्णिलेल्या व्याधीची हकीगत’ अशा अर्थाचे तिचे शीर्षक आहे. एका रुग्णाची अठरा तासांची कहाणी सांगण्यासाठी एवढी मोठी पुस्तिका! त्यात रुग्णाच्या पूर्वीच्या सवयी आहेत, त्याने त्या दिवशी काय खाल्ले त्याची यादी आहे, प्रत्येक औषधाचे माप आहे, बसण्याची ढब आहे, आणि वैद्यांना काही कळत नव्हते याचा स्पष्ट उच्चारही आहे. युरोपातील सर्वांत नामांकित वैद्याने, आपल्या कीर्तीच्या शिखरावर असताना, आपल्याला निदान झाले नाही हे तपशीलवार छापावे, ही गोष्ट त्या काळी साधी नव्हती. आजही साधी नाही.

मात्र त्याच पुस्तिकेने पुढच्या पिढ्यांच्या वाटेत एक भिंतही उभी केली. अशी लक्षणे पुन्हा कोणाला दिसल्यास व्याधी ओळखता येईल, पण तिच्यावर इलाज नाही, अशा आशयाचा निष्कर्ष बूरहावे यांनी काढला. 1724 सालच्या दृष्टीने तो निर्विवाद खरा होता. भूल नव्हती, जंतूंचे ज्ञान नव्हते, जिवंत माणसाची छाती उघडणे म्हणजे त्याचा वध करणे होते. पण गुरूचे वाक्य परिस्थितीबरोबर बदलत नाही. परिस्थिती बदलल्यावरही ते तसेच पाठ केले जाते. पुढील शतक-दीड शतकात याच व्याधीचे रुग्ण अधूनमधून नोंदले गेले, जवळपास सर्व शवविच्छेदनाच्या मेजावर. 1858 साली मेयर नावाच्या डॉक्टरांनी रुग्ण जिवंत असताना हे निदान केल्याची नोंद आहे. पण त्या रुग्णाला निदानाचा उपयोग झाला नाही. 1877 साली बॉस्टनचे रेजिनाल्ड फिट्झ यांनी निरोगी अन्ननलिका फाटण्याच्या घटनांवर लेख लिहिला. अपेंडिक्सच्या दाहाला वेळीच शस्त्रक्रिया हवी, हे जगाला 1886 साली पटवून देणारे ते हेच फिट्झ. एका व्याधीत त्यांच्या लेखाने असंख्य प्राण वाचले. दुसरीत तसे घडले नाही, कारण छातीच्या पिंजऱ्याचे दार अजून बंद होते.

ते दार बंद असणे म्हणजे काय, हे समजण्यासाठी त्याच काळातील दुसऱ्या एका दुर्मीळ व्याधीकडे पाहावे. 6 डिसेंबर 1735 रोजी लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात क्लॉडियस एमियांड या शल्यचिकित्सकाने एका अकरा वर्षांच्या मुलाच्या अंतर्गळावर शस्त्रक्रिया केली. मुलाच्या जांघेतून दीर्घकाळ विष्ठा स्रवत होती. आत काय आहे याची एमियांड यांना कल्पना नव्हती. अंतर्गळाच्या पिशवीत त्यांना चक्क आंत्रपुच्छ, म्हणजे अपेंडिक्स, सापडले, आणि ते एका टाचणीने भोसकलेले होते. मुलाने केव्हातरी ती गिळली असावी. जवळजवळ अर्धा तास, भुलीवाचून, ती शस्त्रक्रिया चालली. मुलाने ते कसे सोसले असेल, याची कल्पनाही करवत नाही. पण मुलगा वाचला. अपेंडिक्स काढून टाकल्याची ही जगातील पहिली नोंद मानली जाते, आणि अंतर्गळात अपेंडिक्स असण्याच्या विरळा अवस्थेला आजही एमियांड यांचेच नाव आहे. बूरहावे यांनी रोग पाहिला, पण रुग्ण गेला. एमियांड यांना रोगाचा आधी पत्ताही नव्हता, तरी त्यांचा रुग्ण वाचला. फरक विद्वत्तेचा नव्हता, जागेचा होता. जांघ ही सुरीच्या आवाक्यात होती आणि छाती नव्हती.

छाती सुरीच्या आवाक्याबाहेर का, याचे कारण श्वसनाच्या यंत्रणेत आहे. फुप्फुसाभोवतीच्या पोकळीतील दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो, म्हणूनच फुप्फुस फुलून राहते. छातीला छेद दिला की बाहेरची हवा आत शिरते, फुप्फुस मिटते आणि रुग्ण गुदमरतो. 1904 च्या सुमारास जर्मनीत झाउअरब्रुख यांनी यावर एक अजब तोडगा काढला. रुग्णाचे डोके बाहेर आणि धड कमी दाबाच्या बंद खोलीत, शल्यचिकित्सकही त्याच खोलीत! ही खोली फार काळ टिकली नाही, पण छाती उघडूनही माणूस जगू शकतो, एवढे तिने सिद्ध केले. 1913 साली न्यूयॉर्कमध्ये फ्रान्झ टोरेक यांनी कर्करोगाने ग्रासलेला अन्ननलिकेचा भाग काढून टाकला. गळ्यातून निघणारी रबरी नळी बाहेरून जठराला जोडून ती रुग्ण स्त्री त्यानंतर बारा वर्षांहून अधिक काळ जेवत राहिली. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये चेहऱ्याच्या जखमांवरील शस्त्रक्रियांसाठी मॅगिल आणि रोबॉथम यांनी श्वासनलिकेत नळी घालून भूल देण्याची रीत रुळवली आणि मग झाउअरब्रुख यांच्या खोलीची गरजच उरली नाही. दुसऱ्या महायुद्धाने रक्त देण्याची व्यवस्था आणि पेनिसिलिन दिले. 1940 च्या दशकाच्या मध्यास दार उघडण्याची सगळी साधने जमली होती. उणीव होती ती एवढीच, की ‘असाध्य’ हा जुना शिक्का पुसण्याचे धाडस कोणीतरी करावे.

ते नॉर्मन रूपर्ट बॅरेट यांनी केले. 1903 साली ऑस्ट्रेलियातील अॅडलेड येथे जन्मलेले बॅरेट लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात शल्यचिकित्सक होते. 1946 साली त्यांच्या संपादनाखाली छातीच्या रोगांना वाहिलेले ‘थोरॅक्स’ हे नियतकालिक निघू लागले आणि पहिल्याच खंडात त्यांनी अन्ननलिका आपोआप फाटण्यावर दीर्घ लेख लिहिला. तोवरच्या साऱ्या नोंदी त्यांनी तपासल्या, त्यांत तीन नव्या रुग्णांची भर घातली आणि निष्कर्ष मांडला, की ही व्याधी जिवंतपणी ओळखता येते आणि वेळीच ओळखल्यास ती शिवता येते. इथे क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. या शस्त्रक्रियेत यश येण्यापूर्वीच त्यांनी हे लिहिले. बूरहावे यांच्या लेखात निदान आणि निराशा एकत्र बांधलेली होती. बॅरेट यांनी ती गाठ आधी कागदावर सोडवली.

पुढच्याच वर्षी, 1947 साली, असा रुग्ण त्यांच्यासमोर आला. छाती उघडून त्यांनी फाट शिवली आणि रुग्ण वाचला. त्याच वर्षी अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधून ओल्सन व क्लॅगेट या डॉक्टरांनीही तत्काळ निदान आणि यशस्वी शस्त्रक्रिया झालेल्या एका रुग्णाची हकीगत प्रसिद्ध केली. त्याच दशकात फ्रिंक या अमेरिकन डॉक्टरांनी फाट न शिवता, केवळ छातीत साचलेला द्रव बाहेर काढून एक रुग्ण वाचवल्याची नोंद आहे, तिचाही मान राखायला हवा. तरी फाट शिवणारे म्हणून श्रेय बहुधा बॅरेट यांना दिले जाते, आणि ते योग्यच आहे, कारण त्यांच्या लेखाने इतरांना हे निदान शोधण्याचे कारण दिले. विशेष म्हणजे सामान्य डॉक्टरांना बॅरेट यांचे नाव आठवते ते अन्ननलिकेच्या अस्तरात आम्लामुळे होणाऱ्या बदलासंदर्भात, ज्यावर त्यांनी 1950 साली लिहिले. फाटलेल्या नलिकेला नाव राहिले ते ज्यांच्या रुग्णाचा अंत झाला, त्या बूरहावे यांचेच.

ही नलिका फाटते कशी? वांतीच्या वेळी पोटाचे स्नायू आवळतात आणि जठरातील पदार्थ जोराने वर ढकलले जातात. त्याच क्षणी घशाशी असलेले अन्ननलिकेचे तोंड उघडले नाही, तर दोन्ही बाजूंनी कोंडलेला दाब नलिकेच्या भिंतीवर येतो. आतड्यांना असते तसे बाहेरचे चिवट आवरण अन्ननलिकेला नाही. मृतदेहांतील नलिकांवर दाब देऊन केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की ती बहुधा खालच्या भागात, डाव्या-मागच्या बाजूस फाटते. तिथे तिला आधार देणारे कमी असते. म्हणूनच साचणारा द्रव बहुतेक वेळा डाव्या छातीत आढळतो. छातीतील कमी दाब जठरातील आम्ल, अन्न व जंतू आत ओढून घेतो आणि काही तासांत छातीचा मध्यभाग पेटतो. वांतीमुळे केवळ आतील अस्तर चिरले, तर रक्ताची उलटी होते. ही निराळी व पुष्कळशी सौम्य अवस्था मॅलरी आणि वाइस यांनी 1929 साली वर्णिली. दोहोंत भिंतीच्या काही पदरांचाच फरक आहे, पण रुग्णाच्या दृष्टीने तो जीवन-मरणाचा आहे.

निदानाच्या खुणा एकेक करून जमल्या. 1939 साली बाल्टिमोरच्या लुई हॅमन यांनी छातीच्या मध्यभागात हवा शिरल्यास हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर कुरकुर असा आवाज ऐकू येतो, हे दाखवून दिले. 1952 साली मॅक्लर यांनी तीन लक्षणांची जोडणी केली. आधी वांती, मग छातीच्या खालच्या भागात तीव्र वेदना आणि नंतर गळ्याच्या त्वचेखाली हवा. हे त्रिकूट पाठ्यपुस्तकांत गेले. पण ते पुष्कळ रुग्णांत पूर्ण दिसत नाही, विशेषतः पहिल्या तासांत. त्वचेखाली हवा येण्याची वाट पाहत बसणारा डॉक्टर रुग्णाचा मौल्यवान वेळ घालवतो. तेव्हा खरी कळ आहे ती क्रमाची. हृदयविकाराच्या झटक्यात सामान्यतः वेदना आधी आणि वांती नंतर. इथे वांती आधी आणि वेदना नंतर. हा साधा प्रश्न रुग्णाला किंवा सोबतच्या नातलगाला विचारायचा असतो. त्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही, आणि गर्दीच्या वेळी तोच विचारायचा राहून जातो.

फसगत होण्यास कारणेही तशीच सबळ आहेत. छातीत कळ आली की मन हृदयविकाराकडे जाते. पोटाचा वरचा भाग कडक लागला की जठरव्रण फुटला असे वाटते. स्वादुपिंडाचा दाह, महारोहिणी चिरणे, फुप्फुसातून हवा गळणे अशा कितीतरी अवस्था याच रूपाने समोर येतात आणि त्या सर्व या व्याधीपेक्षा अधिक वेळा आढळणाऱ्या आहेत. चूक निदान झालेल्या रुग्णावर हृदयविकाराचे रक्त पातळ करणारे औषध चालू झाले किंवा उगाच पोट उघडले गेले, तर हानी दुप्पट होते. शंका आल्यास छातीचे क्ष-किरण चित्र काढतात. त्यात डाव्या बाजूस पाणी किंवा मध्यभागात हवेची रेघ दिसू शकते. पाण्यात विरघळणारे, क्ष-किरणांत दिसणारे औषध रुग्णाला गिळायला देऊन ते कुठून गळते, हे पाहतात. ही तपासणी काही वेळा निर्दोष दिसते आणि तरी फाट असते. म्हणून शंका बळकट असल्यास सी. टी. स्कॅन करतात. छातीतून सुईने काढलेल्या द्रवात लाळेतील पाचकद्रव्य किंवा अन्नाचे कण सापडले, तर मग वादच उरत नाही. बूरहावे यांना छाती उघडताच आलेल्या त्या वासाचेच हे आजचे रूप होय.

उपचारांत घड्याळ सर्वांत मोठे. पहिल्या चोवीस तासांत फाट शिवली गेल्यास रुग्ण वाचण्याची शक्यता पुष्कळच अधिक असते. त्यानंतर काठ सुजतात, कुजू लागतात आणि टाके धरत नाहीत. तोंडावाटे सर्व बंद, शिरेतून पाणी व प्रतिजैविके, छातीत नळी आणि मग डाव्या बाजूने छाती उघडून, मृत भाग काढून, नलिका पदरांनी शिवून तिच्यावर जवळच्या स्नायूचे किंवा आवरणाचे ठिगळ, ही रीत बॅरेट यांच्यानंतर बहुतांशी तशीच राहिली. उशिरा आलेल्यांसाठी निराळे मार्ग शोधले गेले. 1970 साली अॅबट यांनी फाटीतच टी आकाराची नळी बसवून ती गळती मुद्दाम बाहेर वळवण्याची युक्ती सांगितली. 1979 साली कॅमेरॉन व सहकाऱ्यांनी गळती आटोक्यात आहे आणि रुग्णाची प्रकृती स्थिर आहे, अशा निवडक रुग्णांत शस्त्रक्रियेवाचून उपचार करता येतात, असे मांडले. त्यावर पुष्कळ मतभेद झाले. पण निवड काटेकोर असली, तर तो मार्ग टिकतो, हे मान्य झाले. गेल्या काही दशकांत दुर्बिणीतून आच्छादित स्टेंट बसवून फाट आतून झाकणे आणि जखमेत स्पंज ठेवून नळीने सतत शोषण करीत राहणे, हे उपायही रूढ झाले आहेत. यांपैकी कोणता उपाय कोणत्या रुग्णाला, हे ठरवणे अजूनही अवघडच आहे, कारण व्याधी इतकी विरळा आहे, की दोन पद्धतींची मोठ्या संख्येने तुलना करणे कोणत्याही एका रुग्णालयाला शक्य होत नाही. बॅरेट यांनी केले तेच अजून करावे लागते, विखुरलेल्या एकेकट्या हकीगती जमवून वाचाव्या लागतात.

शस्त्रक्रियेनंतरचे दिवस रुग्णालयात फार हळू सरतात. ज्या बॅरनना शेवटच्या रात्री घोट घोट तेल आणि बिअर पाजली गेली, त्यांच्या उलट आजच्या रुग्णाच्या ओठांना पाणी लावायचीही मनाई असते. पोषण लहान आतड्यात बसवलेल्या नळीतून चालू राहते, छातीतील नळीतून येणारा द्रव दररोज मोजून त्याचा रंग लिहून ठेवला जातो, तापाचा तक्ता पाहिला जातो. तहानलेला रुग्ण बाटलीकडे पाहतो आणि परिचारिका ओला बोळा ओठांवरून फिरवते. साधारण आठवडाभराने ते दिसणारे औषध पुन्हा एकदा गिळायला देतात. पडद्यावर ते कुठेही न गळता सरळ जठरात उतरताना दिसले, म्हणजे रुग्णाला पाण्याचा पहिला घोट दिला जातो.